महिनाभर उभी असलेली मोटरसायकल सेल्फ घेत नाही: जंप स्टार्टर घेण्याआधी आणि घेताना काय बघायचं

साताऱ्यात गल्लोगल्ली अशी एक तरी मोटरसायकल सापडते. मालक पुण्याला कंपनीत, नाहीतर फौजेत. गाडी जिन्याखाली कव्हर घालून. गणपतीला किंवा दसऱ्याला माणूस घरी येतो, कव्हर काढतो, चावी फिरवतो, बटण दाबतो आणि गाडी नुसतं 'टक' म्हणून गप्प बसते. मग हार घातलेली, हळदकुंकू लावलेली गाडी ढकलत गॅरेजपर्यंत. आमच्या शाहूपुरीतल्या काही घरांत हा आता दसऱ्याच्या विधीचाच भाग झालाय.

किक होती तोवर याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. बॅटरी बसली तर चार किका जास्त, एवढंच. आता बऱ्याच गाड्यांची किक गेली. २०२१ मध्ये नव्याने आलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० लासुद्धा ती नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं. यवतेश्वरच्या उतारावर गाडी सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, ही जुनी युक्ती अशा गाडीवर भरवशाची राहिली नाही. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी अगदीच गेलेली असेल तर चाक फिरतं, इंजिनही फिरतं, पण पेट्रोल आत जात नाही.

म्हणून मग प्रश्न येतो, जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला बाहेरून करंट देऊन गाडी चालू करणारा डबा, कुठला घेऊ? माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीजवळ घरचा प्लग असेल तर पहिले पैसे लहान चार्जरवर घाला. जंप स्टार्टर हा घरापासून लांब अडकणाऱ्याच्या उपयोगाचा. आणि दोन्हींच्या आधी बॅटरी दर वेळी का उतरते ते शोधा, कारण जंप स्टार्टरने फक्त त्या वेळची अडचण निघते. कारण तसंच राहिलं तर पुढच्या सुट्टीला पुन्हा तोच प्रकार.

आधी आवाज ऐका

बटण दाबल्यावर न्यूट्रलचा हिरवा दिवा एकदम मंदावला आणि रिलेने (बटण दाबल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचने) टकटकटक लावलं, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. जंप स्टार्टरचं खरं गिऱ्हाईक ते हेच.

एकच ठाम 'टक' आला आणि दिवा जसाच्या तसा राहिला, तर बॅटरीवर लगेच आळ घेऊ नका. रिलेचे आतले पॉइंट जळलेले असतात, स्टार्टर मोटरचे कार्बन झिजलेले असतात, किंवा मोटरकडे जाणारी जाड वायर ढिली असते. इथे कितीही मोठा डबा लावला तरी आवाज तोच येणार.

दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर मेन फ्यूज बघा. दिवा आहे पण आवाज नाही, तर किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण), साइड स्टँड आणि क्लचचा स्विच. हसू नका. उभ्या गाडीवर शेजारची पोरं बसून 'घूं घूं' करत असतात आणि जाताना लाल बटण दाबून जातात. या एका बटणापायी बॅटरी बदलून घेतलेले लोक आहेत.

सेल्फ झोकात फिरतोय पण गाडी पेटत नाही, हा वेगळा रोग. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीखालून पंपाची बारीक घुर्र ऐकू येते. ती येत नसेल तर तिथून सुरुवात करा. कार्बोरेटरवाल्या गाडीत वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये चिकट थर बसतो. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे कास-बामणोलीच्या बाजूला पावसाळ्यातली हवा म्हणजे काय ते सांगायला नको. महिनोन्‌महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं. पण हा विषय बॅटरीचा नाही, तेव्हा पुढे.

टर्मिनल, मग मीटर

बाजूचं पॅनेल काढा आणि उजेडात बॅटरीची दोन्ही टोकं बघा. पांढरट-हिरवट भुकटी जमलेली असेल तर अर्धा दोष तिथेच. हिशोब साधा आहे. सेल्फ मारताना शंभर ॲम्पियरच्या आसपास करंट जातो असं धरा. त्या भुकटीमुळे सांध्यात ०.०२ ओहम एवढासा अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरी चांगली, मोटर चांगली, पण मोटरपर्यंत पोचतात जेमतेम नऊ-साडेनऊ व्होल्ट. दिवे मात्र मजेत लागतात, कारण दिव्याला करंट लागतो किती! म्हणून माणूस चक्रावतो.

गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश, आणि घासून कोरडं केल्यावर वरून बोटभर व्हॅसलिन. वायर काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी. हा क्रम पाळला तर पाना चुकून चॅसीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

आता मल्टिमीटर. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळणारा स्वस्तातला चालतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. १२.७ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे तळाला आली. चार्जरवर रात्रभर ठेवूनही १०.५ च्या आसपासच अडत असेल, तर सहापैकी एक सेल गेला. अशा बॅटरीला जंप स्टार्टर लावून काही मिळत नाही, डब्याचा करंटही तिच्याच पोटात जातो. सरळ बदलून टाका.

तसंच मीटर लावून ठेवून सेल्फ मारून बघा. फिरतानाचा आकडा साडेनऊच्या खाली पडला तर बॅटरी दमलीय. अकराच्या वर टिकला आणि तरी मोटर फिरत नाही, तर दोष पुढे आहे, वायर, रिले किंवा मोटरमध्ये.

१२.४ च्या खाली बॅटरी बराच काळ पडून राहिली की आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरायला लागतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, नंतर विरघळत नाहीत. गाडी उभी राहून बॅटरी 'मरते' ती अशी. वर्षातून दोनदा पूर्ण उतरणारी बॅटरी जंप देऊन चालवत राहिलात तर दर वेळी तिची थोडी थोडी ताकद जात राहते.

कोण खातंय बॅटरी

चांगली शिशाची बॅटरी नुसती पडून महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली त्याहून बरीच जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग अंदाजे दुपटीवर जातो. म्हणजे ८ ॲम्पियर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) धडधाकट बॅटरी दोन महिन्यांत आपोआप बसायला नको. तीन आठवड्यांत बसत असेल तर कुणीतरी तिला खातंय.

बहुतेक वेळा तो बाहेरून लावलेला पाहुणा असतो. चोरीच्या भीतीने बसवलेला जीपीएस, अलार्म, हँडलवरचा मोबाइल चार्जर, नाहीतर गॅरेजमध्ये हौसेने लावलेल्या एलईडी पट्ट्या. यांची वायर चावीनंतरच्या लाइनला न जोडता थेट बॅटरीला मारलेली असते. १० मिलीॲम्पियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला ०.२४ ॲम्पियर-तास जातात आणि ८ ची बॅटरी ३३ दिवसांत कोरडी. स्कूटरची बॅटरी तर ३-४ ॲम्पियर-तासांचीच. ती पंधरवड्यातच हात वर करते.

मोजायचं असं. चावी बंद, काळी वायर बॅटरीवरून सोडा, आणि मीटर १० ॲम्पियरच्या खाचेत लावून ती वायर व बॅटरीचं काळं टोक यांच्यामध्ये धरा. आकडा नगण्य दिसला की मग मिलीॲम्पियरच्या खाचेत या. मीटर असं मध्ये असताना चावी फिरवायची नाही, बटणाला तर हातच लावायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच. घड्याळ आणि ईसीयूमुळे दोन-तीन मिलीॲम्पियर दिसले तर चालतात. त्याहून जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर चोर आहे.

उलट बाजूही तपासा. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर थोडा वाढवला की बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंगची कॉइल किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बघा. १५ च्या पलीकडे गेला तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरीला शिजवून काढणार.

आता जंप स्टार्टर

डब्यावर मोठ्या अक्षरात '२००० ए' छापलेलं असतं. हा 'पीक' करंट, म्हणजे क्षणभरापुरता. ज्या करंटवर सेल्फ फिरतो तो 'स्टार्टिंग' किंवा 'क्रँकिंग' करंट बारीक अक्षरात आत असतो, कधी नसतोच. मोटरसायकलला फार लागत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला पन्नास-साठ ॲम्पियर, साडेतीनशेच्या एका मोठ्या सिलिंडरला शंभर-दीडशे असा हिशोब धरा. स्टार्टिंग करंट खरोखर २०० ते ३०० असलेला लहान डबा पुरून उरतो. घरात डिझेल जीप किंवा ट्रॅक्टरही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मोठा घ्या.

'एमएएच'चंही (मिलीॲम्पियर-तास) तसंच. १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या एका सेलचा असतो. म्हणजे ३७ वॉट-तास, आणि १२ व्होल्टच्या हिशोबाने जेमतेम ३ ॲम्पियर-तास. पण घाबरू नका, एका स्टार्टला लागतं किती? १०० ॲम्पियर दोन सेकंद म्हणजे ०.०६ ॲम्पियर-तासही नाहीत. त्यामुळे २०,००० घेऊ की ३०,००० असा खल करणाऱ्यांनी खुशाल लहान घ्यावा. मोठा डबा जड होतो, बॅगेत बसत नाही, आणि मग घरीच राहतो.

माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने एकाच वाक्यात सांगितलं होतं, "काका, आकडा काय बघताय, आधी चिमटं बघा." खरं आहे. डब्याबरोबर येणारे चिमटे कारच्या जाड टर्मिनलसाठी केलेले असतात. मोटरसायकलची बॅटरी असते पॅनेलच्या आत, कोपऱ्यात, वरून फ्रेमचा पाइप, आणि टर्मिनल म्हणजे बारका स्क्रू. तिथे तो रुंद चिमटा तोंड उघडायलाच जागा नसते. उघडला तर लाल चिमटा फ्रेमला टेकतो. दुकानात गेलात तर डबा उघडायला लावा. चिमट्याचं टोक निमुळतं हवं, दोन्ही जबड्यांना तांबं हवं, स्प्रिंग कडक हवी. नुसता एकच जबडा वायरला जोडलेला आणि दुसरा शोभेचा, असेही मिळतात. वायर जाड आणि आखूड असणं चांगलं, पण इतकी आखूड नको की डबा सीटवर ठेवल्यावर चिमटा बॅटरीपर्यंत पोचत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर लोकांनी टाकलेल्या फोटोंत चिमट्यांचे फोटो शोधा. डब्याच्या टॉर्चचे फोटो काही कामाचे नाहीत.

चिमटे जातच नसतील अशा गाड्यांत आणखी एक वाट आहे. स्टार्टर रिले बहुतेक वेळा पॅनेल काढल्यावर हाताशी येतो. त्यावर दोन जाड वायरी असतात; जी बॅटरीच्या लाल टोकाकडून येते तिच्या बोल्टला लाल चिमटा लावायचा. काळा चिमटा इंजिनच्या किंवा फ्रेमच्या रंग नसलेल्या बोल्टला. काहीजण बॅटरीला चार्जरची छोटी वायर कायमची बसवून घेतात आणि तिलाच जंप स्टार्टर जोडायला बघतात. ती वायर बारीक असते, तिच्यात सात-आठ ॲम्पियरच्या आसपासचा फ्यूज असतो. बटण दाबताक्षणी तो उडतो. ती फक्त चार्जिंगची.

आता कमी वापरातल्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आजकालच्या चिमट्यांच्या वायरीत एक छोटी डबी असते. बॅटरी उलटी जोडली, शॉर्ट झाली, तर ती करंट सोडत नाही. चांगलंच आहे. पण ही डबी आधी समोर बॅटरी आहे का ते व्होल्टेजवरून ओळखते. महिनोन्‌महिने पडून बॅटरी दोन-तीन व्होल्टवर आलेली असेल, तर डबी समजते की समोर काहीच नाही, आणि दिवा लावून नुसती बसून राहते. माणूस म्हणतो, डबाच खराब. म्हणून 'बूस्ट' किंवा 'ओव्हरराइड' बटण असलेलाच घ्या. ते बटण दाबलं की डबी न तपासता करंट सोडते. अर्थात त्या वेळी उलट्या जोडणीपासूनचं संरक्षणही बंद होतं, तेव्हा लाल-काळं दोनदा बघून, मगच बूस्ट दाबायचं.

दुसरं संरक्षण उलट्या चार्जिंगचं. डब्यात बहुधा तीन लिथियम सेल एकामागे एक असतात. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. गाडी चालू झाली की तिचा रेग्युलेटर १४ च्या वर देतो. मग करंट गाडीकडून डब्यात शिरायला बघतो, आणि लिथियमला असं बेहिशोबी चार्जिंग अजिबात मानवत नाही. हे अडवणारी व्यवस्था डब्याच्या पुस्तिकेत लिहिलेली हवी. लिहिलेली असली तरी गाडी चालू झाल्यावर अर्ध्या मिनिटात चिमटे काढायचेच.

आतला सेल कुठला, हे फार कमी लोक विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा असेल तर उष्णता जास्त सोसतो आणि जास्त वर्षं टिकतो, पण तेवढ्याच ताकदीला वजन थोडं जास्त आणि किंमतही. नेहमीचा लिथियम डबा हलका. दोन्हींना तीन महिन्यांतून एकदा बघावं लागतं आणि चार्जिंग टॉप करावं लागतं. इथेच गोम आहे. जो माणूस महिनोन्‌महिने गाडीकडे बघत नाही, तो डब्याकडे बघणार आहे का? नसेल, तर सुपरकपॅसिटरवाला प्रकार विचारात घ्या. त्यात साठवून ठेवायला बॅटरीच नसते. गाडीच्या उतरलेल्या बॅटरीत जे काही उरलंय तेच तो हळूहळू ओढून भरतो आणि एका दणक्यात सोडतो. बॅटरीत काहीच नसेल तर मोबाइलच्या पॉवर बँकेवरून किंवा दुसऱ्या गाडीवरून भरून घ्यायचा. भरायला काही मिनिटं जातात, एका भरणीत एखाद-दोन प्रयत्नच होतात, आणि किंमत जास्त. पण वर्षभर कपाटात विसरला तरी बिघडत नाही. विसराळू माणसाला मी हाच सुचवतो.

हवा भरायचा पंप जोडून येणारे डबे आता फार विकले जातात. उभ्या गाडीच्या टायरची हवाही कमी होतेच, तेव्हा कल्पना वाईट नाही. फक्त त्यातलं एक बिघडलं की दुसरंही दुरुस्तीला जातं. मी दोन्ही वेगळे घेईन.

खरेदीत शेवटचं. डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा, बिल घ्या, आणि घरी आणल्यावर गाडी चांगली असतानाच एकदा जोडून बघा. काळोखात ठोसेघरच्या रस्त्यावर पहिल्यांदा पुस्तिका उघडायची वेळ येऊ नये.

जोडताना

चावी बंद, डबा निम्म्याहून जास्त भरलेला. बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा गळत असेल तर जंप द्यायचाच नाही. गाडीत लिथियमची बॅटरी बसवून घेतली असेल आणि ती पूर्ण उतरली असेल, तर तिलाही नाही; तिच्यासाठीचा वेगळा चार्जर असतो. आधी लाल, मग काळा. बॅटरी फारच खाली असेल तर मिनिटभर तसंच राहू द्या, तिला थोडा दम येतो. चावी फिरवा, बटण तीन-चार सेकंदच दाबा. नाही झाली तर अर्धा-एक मिनिट थांबा, डबा आणि वायरी गरम होतात. दोन-तीन प्रयत्नांत झाली नाही तर हट्ट सोडा आणि वरची आवाजाची परीक्षा पुन्हा करा.

डबा नसेल आणि शेजारी कार असेल तर तिच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरूनही जंप घेता येतो, फक्त कारचं इंजिन बंद ठेवून. आणि गाडी चालू असताना 'बघू चार्जिंग होतंय का' म्हणून बॅटरीची वायर काढायची जुनी सवय असेल तर ती इंजेक्शनच्या गाडीवर विसरा. व्होल्टेजच्या उसळीने ईसीयू गेला तर त्या खर्चात कितीतरी बॅटऱ्या येतात.

चालू झाल्यावर

गाडी पेटली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. शाहूपुरीतून पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलात तर सेल्फने खाल्लेलंही परत मिळत नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेतो जळतोच, त्यामुळे जागेवर घरघर करत ठेवून फार काही उरत नाही. कोरेगावपर्यंत एका दमात जाऊन या, आणि रात्री चार्जर लावा.

घरी वहिनींना किंवा आईला 'रोज पाच मिनिटं चालू करून ठेव' म्हणून सांगून जाणारे पुष्कळ आहेत. त्याने बॅटरी आणखी उतरते, आणि सायलेन्सर नीट तापत नसल्याने त्यात पाणी साचून तो आतून गंजतो. त्यापेक्षा त्यांच्या डोक्याला ताप देऊ नका.

चार्जर बॅटरीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याचा. ८ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीला ०.८, म्हणजे एक ॲम्पियरचा छोटा स्मार्ट चार्जर. भरल्यावर आपोआप साडेतेराच्या आसपास उतरून थांबणारा. कारचा १० ॲम्पियरचा लावला तर बॅटरी उकळेल. आपल्याकडे गावाला वीज जाते-येते, तेव्हा वीज परत आल्यावर बटण न दाबता स्वतः पुन्हा सुरू होणारा आहे का, हे दुकानदाराला आवर्जून विचारा. काही चार्जर वीज आल्यावर नुसते लुकलुकत बसतात आणि मालक पुण्यात निवांत.

प्लगच नसेल, म्हणजे गाडी पार्किंगमध्ये किंवा गावच्या गोठ्याशेजारी, तर जाताना दहाचा पाना घेऊन काळी वायर सोडून ठेवा. घड्याळाची वेळ पुन्हा लावावी लागेल, बाकी काही नाही. जीपीएस लावलेला असेल तर त्याचाही जीव जातो, हे मात्र खरं. तिथे चोरीची भीती मोठी की बॅटरीची, ते ज्याचं त्याने ठरवावं.

जंप स्टार्टर डिकीत किंवा साइड बॅगेत कायमचा टाकून ठेवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची पेटी चांगलीच तापते, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम झपाट्याने म्हातारं होतं. घरातल्या कपाटात, पाऊण भरलेला, आणि निघताना बॅगेत.

ज्यांच्या वाड्यात अजून येझदी किंवा राजदूत जपून ठेवलेली आहे, त्यांनी डबा काढायच्या आधी बॅटरी नीट बघावी. या जुन्या गाड्या बहुतेक मूळच्या ६ व्होल्टच्या, त्यांना १२ व्होल्टचा जंप स्टार्टर चालत नाही. लावलात तर बल्ब जातील आणि बॅटरीही. कुणी मधे १२ करून घेतली आहे का ते कळत नसेल तर बॅटरीवरची पाणी घालायची झाकणं मोजा. तीन असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर १२. आणि त्यांना किक आहेच.